शिक्का एकदाच बसतो : इंग्रजीचा भूतकाळ आणि हेल्पिंग व्हर्ब

या वेळी इंग्रजी व्याकरणाचे प्रश्न इतके आले की सदराची सगळी जागा भूतकाळालाच द्यावी लागली. बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच निघालं, म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलं आहे. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा, बऱ्याच चुका डोळ्याआधी कानाला कळतात.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. त्याने वहीत ‘आय डिड नॉट वेंट टू स्कूल’ असं लिहिलं. बाईंनी ‘वेंट’ खोडून ‘गो’ केलं. गोष्ट कालची आहे, मग ‘गो’ कसं चालेल, असं तो विचारतो. मलाही नीट सांगता आलं नाही.
– एक पालक, यावल

उत्तर : बाईंनी केलं ते बरोबर आहे. इंग्रजी वाक्यात काळाचा शिक्का एकाच क्रियापदावर बसतो, आणि तोही रांगेत सगळ्यांत पुढे असेल त्याच्यावर. ‘आय वेंट’मध्ये क्रियापद एकटंच आहे, म्हणून शिक्का त्याच्यावर. नकारासाठी ‘डिड’ हे हेल्पिंग व्हर्ब, म्हणजे मदतीचं क्रियापद, पुढे येऊन उभं राहिलं की शिक्का त्याने घेतला, कारण ‘डिड’ हे ‘डू’चं भूतकाळाचंच रूप आहे. मागच्या क्रियापदाने मग कोरंच राहायचं : ‘आय डिड नॉट गो’. ‘डिड नॉट वेंट’ म्हणजे एकाच पावतीवर दोन शिक्के.

मुलाने हे निष्काळजीपणाने लिहिलेलं नाही. ती चूक मराठीतून आली आहे. आपण ‘मी गेलो’ म्हणतो आणि नकारात ‘मी गेलो नाही’. ‘गेलो’ला कोणी हात लावत नाही, नुसतं ‘नाही’ मागे चिकटतं. प्रश्नातही तसंच : ‘तू गेलास का?’ मुलाने सरळ हिशेब केला, गेलो म्हणजे वेंट, नाही म्हणजे डिड नॉट. गंमत अशी की जुनी इंग्रजीही आपल्यासारखीच चालायची. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या लिखाणात ‘आय नो नॉट’, ‘ही केम नॉट’ अशी वाक्यं सर्रास सापडतात. ‘डू’ आणि ‘डिड’ची सक्ती नंतर पक्की झाली.

घरी सराव असा घ्या. एक होकारी वाक्य द्या, समजा ‘शी बॉट बँगल्स’. मुलाने क्रियापदावर बोट ठेवायचं आणि त्याचा शिक्का सोलून काढायचा : ‘बॉट’चं ‘बाय’ झालं. सोललेला शिक्का म्हणजे ‘डिड’. तो कर्त्यानंतर ठेवून पुढे ‘नॉट’ लावलं की नकार तयार : ‘शी डिड नॉट बाय बँगल्स’. तोच ‘डिड’ कर्त्याच्या आधी नेला की प्रश्न : ‘डिड शी बाय बँगल्स?’ रोज पाच वाक्यं पुरेत. चार-पाच दिवसांनी उलटं करायला सांगा, नकारी वाक्य द्या आणि होकारी मागा. खरी परीक्षा तिथे होते, कारण मुलं ‘नॉट’ तेवढं काढतात आणि ‘शी डिड बाय बँगल्स’ लिहून मोकळी होतात. ते वाक्य चूक नाही, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. ‘अहो, घेतल्या की तिने बांगड्या!’ असं ठासून सांगायचं असेल तेव्हाच ते वापरतात. साध्या होकाराला ‘डिड’ लागत नाही.

तीन ठिकाणी मुलं अडखळतात, तीही दाखवून ठेवा. ‘वॉज’ आणि ‘वेअर’ स्वतःच नकार आणि प्रश्न करतात, त्यांना ‘डिड’ची मदत लागत नाही : ‘ही वॉज नॉट ॲट होम’. दुसरं, ‘आय डिड माय होमवर्क’चा नकार ‘आय डिड नॉट डू माय होमवर्क’ असाच होतो. दोन ‘डू’ पाहून मूल एक खोडतं, ते खोडू देऊ नका. तिसरं, ‘हू’ स्वतःच कर्ता असेल तर ‘डिड’ येत नाही. ‘कोण आलं?’ म्हणजे ‘हू केम?’ आणि ‘तू कोणाला पाहिलंस?’ म्हणजे ‘हू डिड यू सी?’

प्रश्न : केळी निर्यातीच्या ऑफिसात मी ईमेल लिहितो. साहेब म्हणतात तुझं ‘हॅव’ आणि ‘हॅड’ गडबडतं. कालच्या ईमेलचा मजकूर सोबत देतो : ‘वी हॅव सेंट द कंटेनर यस्टर्डे. वी हॅड पॅक्ड ऑल द बॉक्सेस ऑन मंडे. द ट्रक वॉज लेफ्ट रावेर ॲट नाइन पी.एम. बट इट डिड नॉट रीच्ड न्हावा शेवा.’ यात चुकलं काय?
– एक वाचक, रावेर

उत्तर : चारही वाक्यं चुकली आहेत, पण चारही मराठीच्या सवयीतून. आधी दुरुस्त मजकूर पाहा : ‘वी सेंट द कंटेनर यस्टर्डे. वी पॅक्ड ऑल द बॉक्सेस ऑन मंडे. द ट्रक लेफ्ट रावेर ॲट नाइन पी.एम. इट हॅज नॉट रीच्ड न्हावा शेवा येट.’

पहिलं वाक्य. मराठीत ‘काल कंटेनर पाठवलाय’ बिनदिक्कत चालतं. इंग्रजीत ‘हॅव’ म्हणजे आजचा शिक्का. त्या वाक्याचा पाय आजच्या दिवसात असतो, म्हणून संपलेल्या वेळेचा शब्द त्याच्याशी नांदत नाही. ‘यस्टर्डे’, ‘लास्ट वीक’, ‘ऑन मंडे’, ‘टू डेज अगो’, ‘इन २०२३’ यांपैकी काही लिहिलंत की ‘हॅव’ काढायचं आणि क्रियापदाचं दुसरं रूप, म्हणजे गो-वेंट-गॉन या तिघांतलं ‘वेंट’सारखं, घालायचं. वेळ सांगायचीच नसेल तर ‘वी हॅव सेंट द कंटेनर’ उत्तम आहे : कंटेनर निघालेला आहे, एवढंच.

दुसरं वाक्य. इथे आपला ‘होतं’ घोटाळा करतो. ‘सोमवारी बॉक्स पॅक केले होते’ असं आपण सहज म्हणतो आणि ‘होते’ दिसलं की हात ‘हॅड’कडे जातो. मराठीतला हा ‘होता’ बारकाईने पाहा. ‘तो आलाय’ म्हणजे तो अजून इथेच आहे. ‘काल तो आला होता’ म्हणजे आला आणि परत गेला. घडलेलं आता उरलं नाही, किंवा ते मागे पडलं, एवढं दाखवायला आपण ‘होता’ लावतो. इंग्रजीला त्यासाठी ‘हॅड’ लागत नाही, ‘ही केम यस्टर्डे’ पुरतं. इंग्रजीचा ‘हॅड’ फक्त भूतकाळातल्या दोन गोष्टींत आधीची कुठली ते सांगतो : ‘द ट्रक हॅड लेफ्ट व्हेन द इन्स्पेक्टर केम’, साहेब आले त्याआधीच ट्रक निघून गेला होता. दुसरी गोष्ट नसताना एकटा ‘हॅड’ दिलात तर वाचणारा पुढच्या वाक्याची वाट बघतो. ‘वी हॅड पॅक्ड’ वाचून परदेशातला खरेदीदार विचारात पडेल, पॅक केले होते म्हणजे नंतर उघडले की काय? धंद्याच्या पत्रात अशी शंका महागात पडते. ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’ने क्रम उघडच कळत असेल तर तिथेही ‘हॅड’ सोडता येतो.

तिसरं वाक्य, ‘वॉज लेफ्ट’. ‘निघाला होता’मधल्या ‘होता’चं तुम्ही ‘वॉज’ केलंत. पण ‘वॉज’नंतर तिसरं रूप आलं की कर्मणी प्रयोग होतो, म्हणजे ट्रक कोणीतरी मागे सोडला! ‘वॉज लोडेड’ बरोबर, कारण ट्रक स्वतः भरत नाही, हमाल भरतात. ‘वॉज लेफ्ट’, ‘वॉज रीच्ड’, ‘वॉज केम’ चूक, कारण ट्रक आपला आपण निघतो आणि पोचतो.

चौथ्यात पहिल्या उत्तरातला दुहेरी शिक्का आहेच. शिवाय ट्रक अजून वाटेतच असेल तर गोष्ट संपलेली नाही, म्हणून ‘हॅज नॉट रीच्ड’ आणि शेवटी ‘येट’. अमेरिकेतला खरेदीदार अशा ठिकाणी ‘इट डिडन्ट रीच येट’ लिहील, त्याने गोंधळून जाऊ नका. ‘येट’, ‘ऑलरेडी’, ‘जस्ट’ यांच्याबरोबर अमेरिकेत साधा भूतकाळ चालतो. तुम्ही ‘हॅज’च धरा, तो सगळीकडे चालतो.

प्रश्न : मला ‘वॉज’ कुठे आणि ‘हॅड’ कुठे तेच कळत नाही. मराठीत दोन्हीला ‘होतं’च म्हणतो ना?
– इयत्ता नववी, अमळनेर

उत्तर : हो, म्हणून तर फसायला होतं. वाक्याच्या शेवटी बघू नकोस, सुरुवातीला बघ. मराठीत माणसाला ‘ला’, ‘कडे’, ‘चा-ची-चे’ लागून शेवटी ‘होतं’ आलं असेल तर बहुधा ‘हॅड’ : ‘मला ताप होता’ म्हणजे ‘आय हॅड अ फीव्हर’, ‘आजोबांकडे बैलजोडी होती’ म्हणजे ‘ग्रँडफादर हॅड अ पेअर ऑफ बुलक्स’. माणूस नुसताच असेल आणि तो कुठे किंवा कसा होता ते सांगायचं असेल तर ‘वॉज’ : ‘मी घरी होतो’, ‘आय वॉज ॲट होम’. अपवाद निघतात. ‘मला भूक लागली होती’चं ‘आय वॉज हंग्री’ होतं, कारण इंग्रजीत भूक लागत नाही, माणूसच भुकेला असतो. ही थोडी वाक्यं तशीच पाठ कर.

या ‘हॅड’चा नकारही ‘डिड’नेच होतो : ‘आय डिड नॉट हॅव टाइम’. ‘हॅड’चा शिक्का निघाला की मागे ‘हॅव’ उरतं.

आता ‘जात होतो’. इथे ‘वॉज’ आणि क्रियापदाला ‘इंग’ : ‘आय वॉज गोइंग’. ‘वॉज गो’ आणि ‘वॉज वेंट’ दोन्ही चूक. घरी अहिराणी बोलत असशील तर हे तुला लवकर जमेल. ‘काय करी ऱ्हायना?’ (काय करतोयस?) यामध्ये काम एका तुकड्यात, ‘करी’, आणि चालू असल्याची खूण दुसऱ्या तुकड्यात, ‘ऱ्हायना’. इंग्रजीतही दोन तुकडे आहेत, फक्त काळाचा तुकडा आधी येतो. मात्र ‘मी त्याला ओळखत होतो’चं ‘आय वॉज नोइंग हिम’ करू नकोस. ओळखणं, आवडणं, माहीत असणं, हवं असणं ही हातातली कामं नाहीत, त्यांना ‘इंग’ सहसा लागत नाही. ‘आय न्यू हिम’ म्हणायचं.

प्रश्न : क्रियापदाला लागणाऱ्या ‘ईडी’चा उच्चार नेमका कसा करायचा? वर्गात सगळेच ‘आस्केड’, ‘वॉकेड’, ‘हेल्पेड’ म्हणतात.
– एक शिक्षिका, शहादा

उत्तर : उच्चार तीन आहेत आणि ते शेवटच्या आवाजावर ठरतात. मराठी व्याकरणातली व्यंजनसंधी शिकवलीत की हा नियम अर्धा झालाच. ‘विपद्’ आणि ‘काल’ मिळून ‘विपत्काल’ होतं, म्हणजे कठोर व्यंजनाच्या शेजारी ‘द्’चा ‘त्’ होतो. इथेही तसंच. क्रियापदाचा शेवट क, प, फ, स, श, च अशा कठोर आवाजाने होत असेल तर ‘ड’चा ‘ट’ होतो : आस्क्ट, हेल्प्ट, वॉश्ट, वॉच्ट. मृदू व्यंजन किंवा स्वर असेल तर ‘ड’ : कॉल्ड, ओपन्ड, लिव्ड, प्लेड. आणि शेवट आधीच ‘ट’ किंवा ‘ड’ असेल तर जीभ अडकते, म्हणून मध्ये ‘इ’ घालायचा : वॉन्टिड, नीडिड, व्हिजिटिड. आवाज बघायचा, अक्षर नाही. ‘लाफ’च्या स्पेलिंगच्या शेवटी जी-एच आहे, पण आवाज ‘फ’ आहे, म्हणून ‘लाफ्ट’.

मुलांना घशावर दोन बोटं ठेवायला सांगा. शेवटच्या आवाजाला कंप जाणवला तर ‘ड’, नाही तर ‘ट’. ‘विकेड’, ‘नेकेड’ ही विशेषणं आहेत, त्यांचा उच्चार मात्र ‘इड’नेच होतो.

स्पेलिंगबद्दल थोडक्यात. वायच्या आधी व्यंजन असेल तर वायचा आय होतो (क्राय, क्राइड), स्वर असेल तर वाय तसाच (प्ले, प्लेड). ‘स्टॉप’, ‘प्लॅन’ अशा एका ठोक्याच्या (एका सिलॅबलच्या) शब्दात एक स्वर आणि मग एक व्यंजन असेल तर ते व्यंजन दुप्पट होतं. लांब शब्दात जोर शेवटच्या ठोक्यावर असेल तरच दुप्पट, म्हणून ‘प्रिफर्ड’मध्ये दोन आर आणि ‘व्हिजिटेड’मध्ये एकच टी.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे. तीन रूपांचा तक्ता दरवेळी पाठ करतो, दरवेळी विसरतो. काही युक्ती आहे का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : ए-बी-सी-डीच्या क्रमाने पाठ करू नका, तीच मोठी चूक आहे. घराण्याने पाठ करा. कट, पुट, हिट, शट, हर्ट, कॉस्ट यांची तिन्ही रूपं एकच. कम-केम-कम, रन-रॅन-रन, बिकम-बिकेम-बिकम यांत पहिलं आणि तिसरं सारखं. रिंग-रँग-रंग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, स्विम-स्वॅम-स्वम, बिगिन-बिगॅन-बिगन यांत मधला स्वर तिन्ही रूपांत वेगळा. स्पीक-स्पोक-स्पोकन, ब्रेक-ब्रोक-ब्रोकन, चूज-चोज-चोजन हे ‘न’वाले. आणि सेंड-सेंट, स्पेंड-स्पेंट, लेंड-लेंट. ‘वेंट’ याच घराण्यातलं आहे. ‘वेंड’ नावाच्या जुन्या क्रियापदाचं ते रूप, ‘गो’ने ते उचलून घेतलं. म्हणून ‘गो’ आणि ‘वेंट’चं तोंड एकमेकांशी जुळत नाही.

परीक्षेत गुण जातात ते मात्र जोड्यांत. ‘लाय-ले-लेन’ म्हणजे आडवं पडणं, ‘ले-लेड-लेड’ म्हणजे काही ठेवणं, अंथरणं किंवा कोंबडीने अंडं घालणं, आणि ‘लाय-लाइड-लाइड’ म्हणजे खोटं बोलणं. पहिल्याचं दुसरं रूप आणि दुसऱ्याचं पहिलं रूप एकच, ‘ले’, तिथेच सापळा असतो. ‘फाइंड-फाउंड-फाउंड’ सापडणं, ‘फाउंड-फाउंडेड-फाउंडेड’ स्थापन करणं. ‘बॉट’ म्हणजे विकत घेतलं, ‘ब्रॉट’ म्हणजे आणलं, एका ‘आर’चा फरक. कपडे ‘हंग’, पण फाशी दिली तर ‘हँग्ड’. ‘फॉल-फेल-फॉलन’ पडणं आणि ‘फील-फेल्ट-फेल्ट’ वाटणं. नापास होणारं ‘फेल’ वेगळं, त्याचं दुसरं रूप ‘फेल्ड’. देवनागरीत पडलेलं आणि नापास होणारं ‘फेल’ सारखंच दिसतं, स्पेलिंग मात्र वेगळं आहे, म्हणून ही जोडी इंग्रजी अक्षरांत लिहूनच पाठ करा.

तिसरं रूप एकटं वापरता येत नाही, त्याला पुढे ‘हॅव’ किंवा ‘वॉज’चं कुटुंब लागतं. ‘आय सीन हिम’ आणि ‘आय हॅव सॉ हिम’ ही एकाच गोंधळाची दोन टोकं.

प्रश्न : आयटीआय झालं आहे, कंपनीत इंटरव्ह्यू आहे. स्वतःची माहिती सांगताना कुठल्या चुका होतात? ‘करावं लागलं’, ‘जमलं’, ‘करायला हवं होतं’ हे कसं म्हणायचं?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : पहिलंच वाक्य सांभाळा. ‘आय बॉर्न इन शिरपूर’ नाही, ‘आय वॉज बॉर्न इन शिरपूर’. दुसरीकडे ‘मी पास झालो’मधल्या ‘झालो’साठी ‘वॉज’ घालू नका. ‘आय पास्ड आयटीआय इन २०२३’ सरळ म्हणा. त्यांनी ‘व्हॉट डिड यू डू आफ्टर दॅट?’ विचारलं की उत्तरात ‘डिड’ ओढून आणू नका. ‘आय डिड जॉइन्ड’ हे प्रश्नातलं ‘डिड’ कानात राहिल्यामुळे तोंडून निघतं. ‘आय जॉइन्ड अ वर्कशॉप.’ संपलं.

‘लागलं’ म्हणजे ‘हॅड टू’ : ‘मला रात्रपाळी करावी लागली’, ‘आय हॅड टू वर्क नाइट शिफ्ट्स’. ‘मस्ट’ला या अर्थाचं भूतकाळी रूप नाही, म्हणून त्याचं काम ‘हॅड टू’ करतं. ‘हवं होतं’ म्हणजे ‘शुड हॅव’ आणि तिसरं रूप : ‘मी आधी स्विच बंद करायला हवा होता’, ‘आय शुड हॅव स्विच्ड इट ऑफ फर्स्ट’. इथे काम झालं नाही हे गृहीत असतं, म्हणून स्वतःची चूक सांगतानाच ते वापरा.

‘जमलं’ जरा नाजूक आहे. अंगात कायम असलेलं कौशल्य असेल तर ‘कुड’ : ‘मला दहावीतच वेल्डिंग यायचं’, ‘आय कुड वेल्ड इन टेन्थ’. एकदाच अडचणीतून पार पडला असाल तर ‘वॉज एबल टू’ : ‘त्या दिवशी मशीन दुरुस्त करता आलं’, ‘आय वॉज एबल टू रिपेअर द मशीन दॅट डे’. नकारात हा भेद राहत नाही, ‘कुड नॉट’ दोन्हीकडे चालतं.

प्रश्न : ‘आम्ही लहानपणी तापीत पोहायचो’ यातल्या ‘-यचो’ला इंग्रजीत काय?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : ‘यूज्ड टू’. ‘वी यूज्ड टू स्विम इन द तापी.’ उच्चार ‘यूस्टू’ असा जोडून करा. नकारात आणि प्रश्नात शिक्का पुन्हा ‘डिड’कडे जातो आणि स्पेलिंगमधला शेवटचा ‘डी’ गळतो : ‘वी डिड नॉट यूज टू स्विम’. बोलताना फरक ऐकूच येत नाही, चूक फक्त लिहिताना पकडली जाते. ‘आय ॲम यूज्ड टू’ ही वेगळी चीज आहे. तिचा अर्थ ‘मला सवय आहे’, आणि तिच्या मागे ‘इंग’ लागतं : ‘आय ॲम यूज्ड टू स्विमिंग इन कोल्ड वॉटर’.